पऱ्हाटीच्या भिंतींचं घर

त्या वर्षी आमच्या घरात कापूस राहायला आला आणि माणसं बाहेर पडली. समुद्रापलीकडे कुठेशी मोठी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोटच्या बाजारातून आले की सासरे हे सांगत. भाव अजून चढेल या आशेवर त्यांनी कापूस विकायचा थांबवला. आधी माजघर भरलं, मग धान्याची खोली, आणि शेवटी मी आणि नवरा निजत होतो ती पडवीलगतची लहान खोलीही. दार उघडलं की आढ्यापर्यंत पांढरा ढीग.

माझ्या लग्नाला तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. एका सकाळी सासूबाईंनी मला चुलीजवळ बोलावून सांगितलं, "तुमी दोघं वावरात जाऊन राहा. तसंही राखनीले कोनी तरी लागतेच. होळीपर्यंत कापूस जाईन, मंग या वापस."

मी मान हलवली, पण मनात फार लागलं. थोरल्या जावेची खोली कोणी भरली नव्हती.

वावर गावापासून अर्ध्या कोसावर होतं. तिथं एक जुनी खोपडी होती: चार मेढी, वर गवताचं छप्पर आणि तीन बाजू उघड्या. मार्गशीर्षातलं वारं काळ्या रानातून सरळ आत यायचं. पहिल्या सकाळी मी भाकर थापली ती अर्धी धुळीची झाली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते धुरावर ढकललं. नवऱ्याच्या ते लक्षात आलं असावं. अंगावरची घोंगडी काढून त्यानं वाऱ्याच्या बाजूला दोन मेढींना बांधली आणि तसाच उघडा कामाला गेला.

त्या घोंगडीकडे बघत मी बराच वेळ बसले. मग उठले. बांधावर मागच्या वर्षीची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जळणासाठी रचून ठेवली होती. त्यातल्या सरळ काड्या मी निवडू लागले. दुपारी नवरा जेवायला आला तेव्हा मी त्या मेढींमध्ये उभ्या लावून अंबाडीच्या दोरानं बांधत होते.

"कायले एवढं करून राहिली वं?" तो म्हणाला. "दोन-तीन महिन्याचं तं काम हाय."

"दोन-तीन महिने थंडी वाजाची थांबते का?" मी विचारलं.

तो हसला आणि दुसरं टोक धरायला बसला. चार दिवसांत तिन्ही बाजूंनी काड्यांचा कुड उभा राहिला. विहिरीजवळची माती, शेण आणि भुसा कालवून मी तो आतून-बाहेरून लिंपला. ओला असताना हाताची बोटं फिरवून त्यावर वेलीसारखी रेघ काढली, कारण हात थांबतच नव्हते. लिंपण वाळलं आणि पहिल्यांदा दिवा न विझता जळला, तेव्हा मला आत बसून राहावंसं वाटलं.

मग एकातून एक निघत गेलं. पांघरायला नीट काही नव्हतं, आणि चांगल्या कापसाला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. पण वेचणाऱ्या बाया किडका, पिवळा पडलेला कापूस बांधावर फेकून देत. तो मी रोज ओटीत गोळा करी, उन्हात झटकी, बोटांनी सरकी काढून गाईपुढे टाकी आणि कापूस मडक्यात दाबून ठेवी. पुरेसा साठला तसं दोन जुन्या लुगड्यांच्या मध्ये भरून मी वाकळ शिवली. दिसायला ती गाठीगाठींची होती. ऊब मात्र कोणत्याही श्रीमंताच्या रजईला हार गेली नसती.

मोटेचं पाणी जिथं सांडून वाया जायचं तिथं मी मेथी, लसूण आणि कोथिंबीर लावली. वांग्याची चार रोपं माहेराहून भाऊ घेऊन आला. गावात त्या वर्षी हिरवी भाजी मिळणं कठीण झालं होतं. ज्यानं त्यानं दारापर्यंत कापूसच पेरला होता. त्यामुळे वेचणीच्या बाया दुपारी भाकर सोडायला माझ्या खोपडीच्या सावलीत येऊन बसू लागल्या. कोणी ठेचा आणी, कोणी ताक, मी मेथी खुडून देई.

एक दिवस थोरली जाऊ त्यांच्यात बसली होती. तिचं जेवणात लक्ष नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरीचा खोकला जाऊन नाई राहिला. घरात श्वास घेतला का कापूसच नाकात जाते. आठ रोज झाले, धड निजली नाई."

तिची मुलगी तीन वर्षांची होती. माझ्या मनात खोलीचा जुना राग होता आणि तो त्या क्षणीही पूर्ण गेला नव्हता. तरी मी म्हटलं, "इकडं आनून सोडा तिले. इथं काई उडत नाई."

दुसऱ्या दिवशी ती पोरगी आली. अंग तापलेलं, आवाज बसलेला. मी तिला तुळस आणि आलं उकळून दिलं, नव्या वाकळीत गुंडाळून कुडाला टेकवून उन्हात बसवलं. तीन दिवस मला धास्ती होती. काही बरंवाईट झालं तर बोल माझ्यावर येणार होता. पाचव्या दिवशी ती लसणाच्या वाफ्यात बसून पात उपटून खाताना सापडली. मी रागावले नाही. जाऊ संध्याकाळी आली, पोरीला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "तुह्या जागी मी असतो तं जावेच्या पोरीले बोलावलं नसतं. खरं सांगतो."

"माहीत हाय," मी म्हटलं. आम्ही दोघीही हसलो, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

होळीच्या आधी सासऱ्यांनी कापूस अमरावतीला पाठवला. चांगला भाव मिळाला, घर मोकळं झालं. सासूबाई स्वतः मला न्यायला आल्या. "चाल," त्या म्हणाल्या, "खोली सारवून ठेवली."

मी पाणी दिलं. त्या कुडावरून हात फिरवत आत-बाहेर हिंडल्या, लोंबकळणाऱ्या मिरच्या बघितल्या, मडक्यांची उतरंड बघितली.

"हे कोनं शिकवलं तुले?"

"थंडीनं," मी म्हटलं.

जेवून त्या घटकाभर लवंडल्या त्या उन्हं कलेपर्यंत निजल्या. घरात त्यांना अशी झोप लागलेली मी कधी बघितली नव्हती. उठल्यावर गाठोडं माझं बांधायचं होतं, पण त्या म्हणाल्या, "चार रोज मीच राहतो इथं. मंग पाहू." चार दिवसांनी त्यांनीच सासऱ्यांना सांगितलं की धाकटी दोघं वावरातच बरी आहेत.

पुढं ती लढाई संपली आणि भाव उतरला. सासरे काही दिवस बाजाराकडे फिरकले नाहीत. मग त्यांनी खोपडीभोवतीचं रान ज्वारी आणि तुरीला मोकळं केलं, आणि काय कुठं पेरायचं हे विचारायला माझ्याकडे आले. पावसात कुड वाहून गेला, तो आम्ही आणखी जाड बांधला. दुसरी खोली निघाली. पुढं त्या खोलीत माझी मुलं जन्मली.

अकोल्याला आगगाडी आली तेव्हा नवरा मला आणि जावेला बैलगाडीनं ती बघायला घेऊन गेला. बाजारात जावेनं बांगड्या भरल्या. मी खोपडीच्या दारात लावायला गोड्या कडुलिंबाचं एक रोप घेतलं, मुळांना ओलं फडकं गुंडाळलं आणि परतीची सगळी वाट ते मांडीवर धरून आणलं.