निवडणुकीतली मोकळी खोली

म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या आमच्या घरात बंदुकीला कन्नडातल्यासारखं कोवीच म्हणत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला नेम धरायला शिकवलं ते बन्नूरकडच्या एका ओळखीच्या शेतात, ऊसतोड झाल्यावर, बांधावर मांडलेल्या करवंट्यांवर. मला ते वेड कायमचं लागलं.

आईला मात्र कोवी घरात आहे हेच सोसत नसे. कोवीच्या कपाटाला कुलूप असायचंच, पण तिने ते कपाट होतं त्या खोलीलाही लावलं होतं. आम्ही भावंडं नुसती दाराशी रेंगाळलो तरी स्वयंपाकघरातून तिची हाक यायची.

निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी कोव्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा हुकूम निघायचा. अप्पा चरफडत जायचे. त्यांची पाठ फिरली की आई खोली उघडून झाडून घ्यायची आणि दुपारी तिथेच चटईवर गाढ झोपायची. कोण निवडून आलं याचं तिला काही पडलेलं नसे.

अप्पांच्या मागे कोवी माझ्या नावावर झाली, आणि त्या दारापासून मुलांना हाका मारायचं कामही माझ्याकडे आलं. माझा नेम शेवटपर्यंत चांगला होता, पण घरी आल्यावर जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. गेल्या निवडणुकीनंतर ठाण्यातून कोवी सोडवली आणि रीतसर बंदुकांच्या दुकानदाराला विकून टाकली. मला फार वाईट वाटत असणार, असं सगळे धरूनच चालले होते.

परवा दुपारी नातवंडं लपाछपी खेळताना त्या खोलीत शिरली. सवयीने हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं. त्यांचा दंगा ऐकता ऐकता खुर्चीतच माझा डोळा लागला.