डोक्याने मारलेले गोल

गोल झाला तेव्हा ऋताला तो कळलाच नाही. कॉर्नरवरून आलेला बॉल आणि गर्दीतून आपण घेतलेली उडी, इथपर्यंत तिला आठवत होतं. मग डिफेंडरचं कपाळ तिच्या कानशिलावर आदळलं आणि त्यानंतर एकदम टीममेट्स तिच्या अंगावर होत्या, स्टेडियम तिच्या नावाने ओरडत होतं. तीही हसली, हात उंचावले. कोण जिंकतंय हे बघायला तिने हळूच स्कोअरबोर्डकडे नजर टाकली.

ऋता वाढली अमेरिकेच्या थंड उत्तरेत, नोव्हाय गावात. हिवाळ्यात बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून तिचे बाबा, शशिकांत, बेसमेंटमध्ये तिला बॉल टाकायचे. पायाने मारला की दिवे फुटायचे, म्हणून सगळा खेळ डोक्याचा. शशिकांतांची नोकरी गाड्यांच्या क्रॅश टेस्ट करण्याची. फुटबॉल त्यांना टीव्हीपुरताच ठाऊक होता. पण पोरगी खिदळायची, म्हणून ते टाकत राहायचे.

ओळखीच्या घरांतली मुलं डॉक्टर झाली, इंजिनियर झाली. ऋता कॉलेजच्या टीमची स्ट्रायकर झाली आणि पुढे पगारावर खेळू लागली. मोठ्या लीगने घेतलं नाही, तेव्हा धाकट्या लीगमध्ये क्लबमागून क्लब बदलत ती टेक्सासला पोचली. पायाने ती बरी होती. हवेत मात्र तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. तिचे निम्म्याहून जास्त गोल डोक्याचे.

सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांची मेंदूची चाचणी व्हायची. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा. पुढे मार लागला की परत तीच चाचणी घ्यायची आणि ताडून बघायचं. ऋताने पहिली चाचणी मुद्दाम खराब दिली होती. एका जुन्या खेळाडूने शिकवलेली युक्ती. त्यामुळे त्या गोलनंतर टीमची ट्रेनर मेगनने तपासलं तेव्हा ती पास झाली. या वेळी आपण जीव तोडून उत्तरं दिली आणि तरीही त्या खोट्या मार्कांच्या जेमतेम वर आलो, हे फक्त ऋतालाच ठाऊक होतं.

मग उजेड सोसेनासा झाला. एकदा रूममेटला हाक मारायला तोंड उघडलं आणि तिचं नावच आठवेना.

सेमीफायनलसाठी बाबा नोव्हायहून आले. टेक्सासमधल्या शुगर लँडच्या तिच्या अपार्टमेंटमध्ये भर दुपारी पडदे ओढलेले होते.

"आईने फ्लाइट का कॅन्सल केली?" ऋताने विचारलं.

"गुडघा दुखतोय तिचा."

वरण वाढता वाढता ती म्हणाली, "आई का नाही आली पण?"

शशिकांतांचा घास हातातच राहिला. "कधीपासून चाललंय हे?"

"आय ॲम फाइन, बाबा. टेस्ट पास झालेय मी."

"कशी पास झालीस?"

ते नजर हटवेनात, तेव्हा तिने सांगून टाकलं.

"अगं, डोकं आदळल्यावर आत काय होतं ते मी रोज बघतो. गाडीत बसवलेल्या त्या डमी असतात, माणसं नाहीत, म्हणून मला झोप लागते."

"वरच्या लीगचे लोक येतायत मला बघायला. प्लीज बाबा, कोणाला सांगू नकोस."

त्यांनी खाली बघत ताट संपवलं. तिने त्याचा अर्थ हो असा धरला.

मॅचच्या दिवशी दमट उकाडा होता. उत्तरार्धात कॉर्नर मिळाला आणि ऋताला दोन बॉल येताना दिसले. तिने जवळच्या बॉलवर झेप घेतली. तिथे काहीच नव्हतं, फक्त गोलकीपरची मूठ होती.

डोळे उघडले तर मेगन वाकून प्रश्न विचारत होती. ऋताने शहर सांगितलं, स्कोअर सांगितला. मेगनने मान डोलावली. एवढ्यात कठड्यावरून कोणीतरी आत उडी मारली.

"तिची पहिली टेस्ट खोटी आहे!" शशिकांत इंग्रजीत ओरडत होते. दोन गार्ड त्यांना मागे ओढत होते. "खेळवू नका तिला! बाहेर काढा!"

मेगनने ऋताकडे पाहिलं. ऋताला नाही म्हणता आलं नाही. बाहेर जाताना ती बाबांच्या समोरून गेली, पण तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

स्कॅन झाले, खेळ बंद झाला. आहे ते एवढ्यावरच थांबेल की वाढत जाईल, ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऋता नोव्हायला परतली आणि कितीतरी दिवस बाबांशी बोलली नाही. एका सकाळी तेच म्हणाले, "बॉल मीच टाकायचो गं."

"मला आवडायचं ते," ती म्हणाली, आणि दोघं बोलू लागले.

आता ती लहान मुलींना शिकवते. त्या वयात बॉल डोक्याने मारायला बंदीच आहे, त्यामुळे ती पास शिकवते. मुलींना ती आवडते. गेल्या शनिवारी बाबांना घेऊन ती प्रॅक्टिसला निघाली. हायवेवरून उतरायचा नेहमीचा एक्झिट आला आणि गेला. गाडी सरळ चालली होती.

शशिकांतांनी मागे गेलेल्या पाटीकडे मान वळवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "पुढच्या एक्झिटला वळ."

"माहितेय मला," ऋता जरा जास्तच मोठ्याने म्हणाली. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, आणि पुढे येणारी प्रत्येक पाटी ती ओठ हलवत वाचत होती.