तांबडीचं अंडं

आमच्या घरी कोंबडीची अंडी थांबली की तिचा रस्सा होतो. ही रीत सासूबाईंनीच घातलेली. "नुसते दाणे खाते, रविवारी कापा," असं आजवर त्याच सांगत आल्या.

परसातली तांबडी आता म्हातारी झालीय. तुरा फिका पडलाय. तरी रोज सकाळी ती सवयीने खुराड्यात जाऊन बसते आणि काही न देता उठते. परवा आमचे हे म्हणाले, "आई, हिचं झालं आता. रविवारी बघू." सासूबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

आज सकाळी त्या परसातून अंडं घेऊन आल्या. "बघ, देतेय अजून," म्हणाल्या. मी ते हातात घेतलं. पांढरंशुभ्र होतं, आणि गार. तांबडीची अंडी कायम मातकट रंगाची असतात. गावठी अंडं कसं ओळखायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी नुसतं हं म्हटलं. पण मनातून ते जाईना. घरात कोण कशासाठी आहे, हे आपण कधी बोलून दाखवत नाही. ज्याचे हात थकतात, त्याला मात्र ते न सांगता कळतं. सासूबाईंचे हात कापतात, म्हणून भाकऱ्या आता मीच करते.

अंडं परत ठेवायला मी फ्रीज उघडला. आत सोललेल्या लसणाच्या वाट्या होत्या. एक आजची, एक कालची, एक त्याच्याही आधीची. लसूण सोलायला त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.