पाण्यात बुडवलेलं बोट

जिल्हा नवा झाला तेव्हा मत्स्य कचेरीत मी कारकून होतो आणि तो रोजंदारीवर. पाणी दिसलं की तो आधी बोट बुडवून बघायचा. माठात, बादलीत, एकदा तर माझ्या ग्लासातसुद्धा. मला किळस यायची. बोलणं संपलं की ‘हाव ना?’, म्हणजे ‘हो ना?’, म्हणून समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचा. मी सहसा उत्तर देत नसे.

तळ्यातळ्यांत मासे वाढवायची योजना देशभर निघाली होती. दुष्काळानं अहमदपूरकडचा तलाव निम्म्यावर आलेला, तरी मोठे साहेब भर दुपारी मत्स्यबीज सोडायला आले. फोटोवाला तयार होता. साहेब पिल्लांच्या पिशवीची गाठ सोडणार, तोच यानं त्यांचं मनगट धरलं.

“दम धरा, सायेब. तळ्याचं पाणी लई तापलंय. पिशवी घडीभर पाण्यावर राहू द्या. आतलं पाणी तेवढंच तापू द्या, न्हाईतर पिल्लं मरतील.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “हाव ना?”

त्याचं खरं होतं. मी चपलेकडं बघत राहिलो.

साहेबांनी मनगट सोडवून घेतलं, पण तोवर पिशवी यानं घेऊन पाण्यावर धरली होती. अर्धा तास सगळे उन्हात उभे होते. मग पिल्लं तळ्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र मीच टाईप केलं. त्यानं ते न वाचताच खिशात घातलं.

“सकाळी तळ्यावर जाऊन आलो. एक बी पिल्लू मेलेलं न्हाई. बराबर केलं मी, हाव ना?”

“हाव,” मी म्हणालो. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.