बरं हाय म्हणाले म्हणून

"मावशी, इकडं बघा. जरा हसा. आता सांगा, कसं वाटतंय?"

बंगलेवाला साहेब दवाखान्यात माझ्या खाटेपाशी उभा होता. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून. थोड्या वेळापूर्वी त्याच्याच गाडीनं मला पळसदरीच्या रस्त्यावर उडवलं होतं. मी त्याच्या शेजारच्या बंगल्यात पाहुण्यांच्या भाकऱ्या थापून घरी निघालेली, भिसेगावला. कडेनं चाललेली. कडेनं! दोनदा सांगते, कारण पुढं कोर्टात तेही खोटं पाडायला निघाले.

उजवा हात चादरीखाली. कोपरापासून आग आग. डोळ्यांत पाणी. आणि मी काय बोलले?

"बरं हाय साहेब. काय नाय झालं."

वर हसले पण. मेली सवय! आमच्यात कोणी विचारलं, कसं हाय गं, की बरं हाय म्हणायचं. घरात मयत असली तरी दारात आलेल्याला आधी बरं हाय, मग रडणं. तो काय जबाब नसतो. आल्या-गेल्याला पाणी देतात, तसं ते असतं. साहेबाला हे ठाऊक नव्हतं? इतकी वर्षं इथं बंगला बांधून राहतोय, आमच्या बायका त्याच्या घरी भांडी घासतात. मला वाटतं, चांगलं ठाऊक होतं.

कर्जतचा तो दवाखाना त्याच्या ओळखीचा. मी तेव्हा म्हटलं, किती चांगला माणूस, स्वतःच्या गाडीत घालून आणलं. आता विचार करते, ओळखीचाच डॉक्टर का? मुका मार हाय म्हणून गोळ्या देऊन घरी का धाडलं? हाताचा एक्स-रे फोटो का नाय काढला? पोलिसांत जाऊ नका, असं साहेब तोंडानं बोलला नाय. सफरचंदांची पिशवी उशाला ठेवली नि म्हणाला, "आपण घरचेच आहोत." घरचे! ह्याच्या गेटावर पाणी मागितलं तर झाडांचा नळ दाखवतात.

हात सुजून भोपळा झाला, तेव्हा पोरगी मला पनवेलला घेऊन गेली. कोपराचं हाड मोडलेलं. प्लेट टाकली. हात राहिला, पण वळत नाय. पीठ मळता येत नाय, भाकरी थापता येत नाय, स्वतःची वेणी घालता येत नाय. ज्या हातावर आमचं घर चालायचं, तो पोटाशी धरून बसते. बंगल्यांनी दुसरी बाई ठेवली. एक फोन केला नाय कुणी.

पोरीच्या हट्टानं पोलिसांत तक्रार दिली. खोपोलीचे वकील गाठले, भरपाईचा दावा लावला. कोर्टात माझी साक्ष झाली. मग साहेबाच्या गाडीच्या विमा कंपनीचा वकील उठला नि त्यानं दवाखान्यातला तो व्हिडिओ लावला. मोठ्या आवाजात. माझंच तोंड, माझंच हसणं.

"या तुम्हीच ना?"

"हो."

"बरं आहे, काही झालं नाही, असं तुम्हीच म्हणताय ना?"

"म्हटलं, पण..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

"म्हणजे हात नंतर घरी पडून मोडला."

मी नाय नाय म्हणत राहिले. त्यानं माझं 'बरं हाय' माझ्यासारखा हेल काढून म्हणून दाखवलं. मागं कोणतरी हसलं. साहेब मागच्या बाकावर होता, तो हसला नाय. मोबाईलची काच पुसत बसला. लाज मला वाटली. माझ्याच बोलण्याची लाज! त्या लाजेचा राग अजून जात नाय.

बाहेर आल्यावर आमचे वकील हळूच म्हणाले, "मावशी, ते तडजोडीला तयार आहेत. देतात ते घ्या. व्हिडिओ आपल्याला जड जाणार."

आत मला खोटारडी ठरवलं, नि बाहेर पैसे द्यायला तयार? मी खोटी असेन तर देतात कशाला? आणि ह्यांना एवढ्यात कसं कळलं? ह्यांना पण कुणी चहा पाजला की काय? खरंखोटं मला माहीत नाय. बिचारे सरळ असतील. पण तेव्हा मला भिंतीचा पण संशय येत होता.

तेवढ्यात साहेब आला. हात जोडून. "मावशी, कशा आहात? तब्येत बरी ना?" मोबाईल शर्टाच्या खिशात, कॅमेरा माझ्याकडं.

खरं सांगते, शब्द ओठावर आला होता. जन्माची सवय, एका दिवसात कशी जाईल? पोरीनं माझा डावा हात घट्ट धरला. "आये," ती म्हणाली, "खरं सांग गं."

"नाय," मी म्हटलं. "बरं नाय. तुमच्या गाडीनं माझा हात मोडला. दुखतो. झोप नाय लागत. सगळ्यांच्या देखत सांगते, मला बरं नाय."

आवाज एवढा मोठा निघाला की कोर्टाचा शिपाई बाहेर आला. साहेब म्हणाला, "ओरडताय कशाला? मी साधं विचारलं."

"मी पण साधंच सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्याचं तुमी काय केलंत?"

तो गाडीत जाऊन बसला.

वकिलांना तिथंच सांगितलं, तडजोड नाय. पनवेलच्या डॉक्टरला साक्षीला बोलवा. ते म्हणाले, वर्षं जातील. जाऊ देत. घरचे म्हणून, दया म्हणून माझ्या हातावर कुणी काय ठेवायचं नाय. भरपाई घेणार, ती निकालानं. मी गेले तर पोरगी उभी राहील, तसं तिला बजावून ठेवलंय. बाईचा हात ह्याच्या गाडीनं मोडला, हे कोर्टाच्या निकालात लिहून घेतल्याबिगर आमी दोघी मागं फिरणार नाय.