खतबाईंचा ढीग निवेपर्यंत

भिंगारच्या आमच्या गल्लीत खतबाई रोज सकाळी कचऱ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून, डोळे मिटून, मोठ्याने आकडे मोजत उभ्या असायच्या. पाचाच्या आत हात बाहेर ओढावा लागला तर ढीग जोरात आहे, आणि विसापर्यंत टिकला तर निवत, म्हणजे पिकत चाललाय. नवऱ्याच्या बदलीने आम्ही तिथे राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे पाहिलं आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, शेजारीण जरा वेडी दिसतेय." मधली भिंत कमरेएवढी. पलीकडून लगेच उत्तर आलं, "वेडी नाही गं, ताप बघतेय. ये, तूही बघ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खतबाई हे गल्लीने ठेवलेलं नाव; बाई मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या नेवाशाकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. नवरा गेलेला, एकुलती एक मुलगी नाशिकला. आमच्याकडची जमीन म्हणजे निव्वळ मुरूम, कुदळ मारली की कुदळच बोथट व्हायची. माझ्या अंगणात तुळससुद्धा नाइलाजाने जगत होती आणि बाईंकडे पपया लोंबत होत्या, गुलाब फुलत होते. सगळी करामत त्या ढिगाची. छातीएवढा उंच, खाटेहून लांब, वर गोणपाटाचं पांघरूण. कडुनिंबाचा पाला, भाजीची देठं, उसाचं पाचट, शेण, असे थर लावायचे आणि ठरलेल्या दिवशी सगळं फावड्याने वरखाली करायचं. मी एकदा मदत म्हणून वरून पायाने दाबायला गेले तर केवढ्याने ओरडल्या! "उतर आधी! त्याला श्वास घेऊ दे."

शेण आणायचे रशीदभाई दूधवाले. किटलीबरोबर सायकलला एक घमेलं बांधलेलं असायचं. "बाई, सारी गल्ली माझ्याकडं दूध मागती, तुमी एकल्याच शेन मागता," असं ते रोज म्हणायचे आणि बाई रोज नव्याने हसायच्या. शिळं शेण आणलेलं मात्र त्यांना वासावरून कळायचं. मग रशीदभाईंची शाळा भरायची. एवढा दाढीवाला माणूस मान खाली घालून उभा राहायचा.

थंडीतल्या त्या सकाळी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बाई फावडं घालायच्या आणि ढिगाच्या पोटातून पांढरी वाफ वर यायची. कोवळं ऊन त्या वाफेत अडकून राहायचं. हळूहळू बाई त्यात दिसेनाशा व्हायच्या, नुसता आवाज यायचा, "चहा ठेवलास का गं?" मी भिंतीवर कप ठेवून बसायची. माझा स्वभाव तापट, घरात सकाळपासून कुणावर तरी तोंड सुटलेलं. पण तिथे बसलं की काय व्हायचं कोण जाणे, मी गप्प व्हायची. आठ वाजले की दहा, कळायचं नाही. आईकडेसुद्धा इतकं निवांत मला कधी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

मग बाईंचे गुडघे गेले. मुलीने हट्टच धरला, आई, आता एकटी राहायचं नाही, नाशिकला चल. बाई फोनवर म्हणाल्या, "येते. ढीग पिकला की येते. अर्धाकच्चा टाकून कशी येऊ?" मुलगी कबूल झाली. ढिगाला महिनाभराचाच अवकाश होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाई चर्चला गेल्या होत्या. पलीकडच्या मैदानात कुणीतरी पाला पेटवलेला, त्याचा खरपूस वास सगळीकडे. मी भिंतीवरून पाहते तर ढिगातून धूर! अगं बाई, ठिणगी उडून पेटला की काय! नळाला पाइप लावला आणि चांगलं अर्धा तास पाणी मारलं. बाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, रोजची वाफ ती! बुडवलास की गं माझा ढीग!"

पाण्याने गार पडलेला ढीग पिकलेला नसतो, तो कुजतो. घाण वास सुटला. सगळा उपसून, कोरडा पाला मिसळून पुन्हा तापवावा लागला. बाईंनी मुलीला कळवलं, "अजून तीन आठवडे तरी लागतील." मी वरवर चेहरा पाडला होता, मनात मात्र लाडू फुटत होते.

आता सांगते ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तीन आठवडे होत आले, आणि एका दुपारी बाई झोपल्या असताना मी भिंत ओलांडून चार बादल्या पाणी ढिगात ओतलं. मुद्दाम. दुसऱ्या दिवशी बाईंनी हात घातला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि नाशिकला फोन लावला. पुढच्या महिन्यात मी पुन्हा तेच केलं.

शेवटी मुलगी गाडी घेऊनच आली. "आई, तुला ढीग हवा की मी?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. सामान भरलं जात असताना मी बाईंना ढिगापाशी गाठलं आणि सगळं ओकून टाकलं. पाणी मीच घातलं, दोनदा, तुम्ही जाऊ नये म्हणून.

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "चिखलात बादलीचा गोल उमटला होता." मग गाडीकडे बघत आवाज खाली आणला. "आणि मी रोज आत ताजं पुरत होते. मटारची टरफलं, रशीदभाईंचं शेण. पिकत आलेल्या ढिगात ताजं घातलं की तो परत तापतो. तुझ्या पाण्याने काय होतंय? तो तसाही पिकला नसता." जन्मभर शुद्ध बोललेल्या बाई, माझा हात धरून म्हणाल्या, "मलाबी जायचं न्हाई गं."

पण लेकीचे डोळे सुजलेले होते. बाई गाडीत बसल्या. "आता नवीन काही घालू नकोस," एवढंच सांगितलं.

मी काही घातलं नाही. वरखाली करत राहिले, वाफेत एकटीच. उन्हाळा लागता लागता ढीग निवला. काळंभोर, भुसभुशीत खत झालं. मी फोन केला, "बाई, पिकला."

आधी त्यांनी वास कसा येतोय ते विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मी खरंच निघाले, व्हय ना?"