विमानाचा पत्रा

जुन्या युद्धविमानांचे तुकडे मी गोळा करते. भंगारवाल्या चाचांनी तसलाच एक पत्रा भट्टीकडे निघालेल्या ढिगावर टाकला.

"ताई, विमान कसलं? पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियम आहे."

मी माती खरवडली. खाली रिव्हेटांची ओळ होती, डोकी इतकी सपाट की बोट अडखळेना. वाऱ्याला अडथळा नको म्हणून युद्धाच्या घाईतही कुणीतरी ती एकेक नीट बसवली होती. पातेल्यासाठी एवढं कोण करतं? युद्धाची आरती मला ओवाळायची नाही. पण इतकं चोख काम कुणी न ओळखताच वितळवलं, तर मला चालणार नाही.

मी पत्र्यावर बसले.

"उठा ताई, टेम्पो भरायचाय."

"मग मलाही भरा."

टेम्पो पत्र्याविनाच गेला.